पुठ्ठ्यावरचे चेहरे

पत्त्याच्या पानाहून लहान असा एक पुठ्ठ्याचा तुकडा. रुंदी जेमतेम दीड इंच, लांबी अडीच इंचांच्या किंचित वर. त्यावर नारिंगी पार्श्वभूमीवर एका दणकट माणसाचा चेहरा छापलेला आहे. अंगात करड्या रंगाचा, कॉलर असलेला सदरा आहे आणि नजर कुठेतरी दूर लागलेली आहे. खाली दोनच शब्द : 'वॅग्नर, पिट्सबर्ग'. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात असा एक तुकडा साडेबहात्तर लाख डॉलरना विकला गेला. त्या वेळच्या भावाने हिशेब केला तर ही रक्कम सत्तावन्न कोटी रुपयांच्या घरात जाते.

मौज अशी की, हा पुठ्ठा ज्या दिवशी छापला गेला त्या दिवशी त्याला स्वतःची अशी कवडीचीही किंमत नव्हती. तो सिगारेटच्या पाकिटात फुकट येत असे.

अमेरिकेत त्या काळी सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. खिशात ती चुरगळत आणि आतल्या सिगारेटी वाकत. त्या सरळ राहाव्यात म्हणून कारखानदार पाकिटात एक पुठ्ठा सरकवू लागले. १८८० नंतर सिगारेट वळण्याचे यंत्र निघाले, माल भाराभर तयार होऊ लागला आणि गिऱ्हाइकासाठी ओढाताण सुरू झाली. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आले की, पुठ्ठा घालायचाच तर तो कोरा कशाला? मग त्यावर नट्या आल्या, पक्षी आले, देशोदेशींचे झेंडे आले आणि बेसबॉलचे खेळाडू आले. बापाने पाकीट फोडायचा अवकाश, पुठ्ठ्यावर मुलाची झडप. ज्यांचे वडील सिगारेट ओढत नसत ती पोरे तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे चित्र मागत. तंबाखूच्या धंद्याने पोरांना असे आपल्या दाराशी आणून उभे केले होते, हे पुढे सांगायच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावे.

वॅग्नरचा पुठ्ठा १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेतला. सव्वापाचशेच्या आसपास चित्रांची ही मालिका आज 'टी-२०६' या रुक्ष नावाने ओळखली जाते. हे नाव ठेवणाऱ्या गृहस्थांची गाठ आपल्याला शेवटी घ्यायची आहे. तिच्यातली बाकीची चित्रे काही फार दुर्मिळ नाहीत. मग वॅग्नरच्याच वाट्याला हे वैभव का यावे?

त्यासाठी माणूस पाहिला पाहिजे. योहानेस पीटर वॅग्नर, म्हणजेच 'होनस' वॅग्नर, याचा जन्म १८७४ सालचा. आईबाप जर्मनीहून आलेले, वस्ती पिट्सबर्गजवळच्या कोळसा खाणींच्या मुलखात. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पोरगा बापाबरोबर व भावांबरोबर खाणीत उतरला. शरीर असे की, पाहणाऱ्याला हसू यावे. छाती पिंपासारखी, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, हात लांबच लांब आणि पंजे फावड्याएवढे. पण मैदानावर हेच शरीर वाऱ्यासारखे धावे. बेसबॉलमध्ये चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात आणि फलंदाजाने चेंडू टोलवून ती क्रमाने गाठत परत घरी यायचे असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या मध्ये जो क्षेत्ररक्षक उभा राहतो त्याला 'शॉर्टस्टॉप' म्हणतात. सणसणीत टोले बहुधा त्याच्याच अंगावर येतात. वॅग्नर ही जागा सांभाळी. चेंडूबरोबर मूठभर खडे आणि मातीही तो उचलून फेकी, असे त्याच्याविषयी सांगत. फलंदाजीत आपल्या लीगमध्ये आठ वेळा तो पहिला आला. १९३६ साली या खेळाचे मानकरी प्रथमच निवडले गेले, त्या पहिल्या पाचांत बेब रूथच्या शेजारी त्याचे नाव होते.

अशा माणसाचे चित्र कंपनीला हवे असणार हे उघडच आहे. जॉन ग्रुबर नावाच्या पिट्सबर्गच्या एका क्रीडा वार्ताहराकडे कंपनीने काम सोपवले : वॅग्नरची परवानगी मिळवून द्या, दहा डॉलर घ्या. वॅग्नरने ग्रुबरला उलट टपाली कळवले की, माझे चित्र सिगारेटच्या पाकिटात घालायला माझी संमती नाही. आणि पत्रासोबत स्वतःचा दहा डॉलरचा चेक जोडला. आपल्यामुळे बिचाऱ्याचे दहा डॉलर बुडू नयेत एवढाच हेतू! कंपनीने छपाई थांबवली, पण तोवर थोडी चित्रे बाहेर पडली होती. आज त्यांतली साठाच्या आसपास शिल्लक आहेत.

वॅग्नर नाही का म्हणाला, यावर अमेरिकेत शंभर वर्षे वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो की, आपल्या चित्रासाठी पोरांनी सिगारेटी विकत घ्याव्यात हे त्याला रुचले नाही. दुसरा पक्ष म्हणतो, छे हो, तो स्वतः तंबाखू चघळत असे आणि पूर्वी एका सिगारच्या पेटीवर त्याचे चित्र आले होते. त्याला पैसे हवे होते, इतकेच. मला विचाराल तर, पैशांसाठी अडून बसलेला माणूस पदरचे दहा डॉलर वार्ताहराला पाठवील हे काही पटत नाही. स्वतः तंबाखू खाणारा बाप आपल्या पोराला मात्र तिच्यापासून दूर ठेवतो, हे दृश्य आपल्याकडेही घरोघर दिसते. पण कारण काही असो. माझ्या चेहऱ्यावर माझा हक्क आहे, असे एका खाणकामगाराच्या मुलाने त्या काळच्या एका प्रचंड कंपनीला बजावले आणि कंपनीने ते ऐकले.

भाषेच्या मास्तराने जाता जाता एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. याच मालिकेत फिलाडेल्फियाच्या शेरी मगी नावाच्या खेळाडूच्या आडनावात छापखान्याने एक अक्षर चुकवले. चूक लगेच सुधारली गेली. आज शुद्ध अक्षरांचे चित्र थोडक्या पैशांत मिळते आणि अशुद्ध चित्राला हजारो डॉलर पडतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या कानावर हे जाऊ नये म्हणजे झाले.

तंबाखूमागून मिठाईवाले आणि च्युइंगमवाले आले. बॉस्टनच्या गौडी कंपनीने १९३३ साली मोठी देखणी मालिका काढली. तिच्यात १०६ क्रमांकाचे चित्र छापलेच नाही. पोरे गमवर गम चघळत १०६ शोधीत राहिली. अखेर पालकांची नि पोरांची तक्रारीची पत्रे येऊ लागली, तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीने नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचे चित्र १०६ क्रमांक घालून छापले आणि ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना टपालाने पाठवले. म्हणजे जी पोरे मुकाट्याने बसली त्यांचा संच कायमचा अपुरा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाउमन आणि टॉप्स या दोन गमवाल्यांत खेळाडूंच्या सह्या मिळवण्यावरून अशी जुंपली की, प्रकरण न्यायालयात गेले. एका खेळाडूने आपल्या चित्राचा हक्क एका कंपनीला दिला असेल, तर दुसरीने तेच चित्र छापावे की नाही? १९५३ साली न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला की, आपल्या चेहऱ्याच्या प्रसिद्धीला जे मोल आहे त्यावर माणसाचा हक्क असतो आणि तो हक्क दुसऱ्याला देताही येतो. आज अमेरिकेत नटनट्या आणि खेळाडू जाहिरातीसाठी करार करतात, त्यामागचा हा कायदा पोरांच्या च्युइंगमवरून निघाला. हक्क मान्य झाला खरा, पण मोबदला? टॉप्स कंपनी खेळाडूला करारापोटी पाच डॉलर हातावर ठेवी आणि पुढे वर्षाला सव्वाशे डॉलर देई. रोख नको असेल तर वस्तूंच्या यादीतून घरात लागणारे एखादे यंत्र निवडावे. १९६८ साली खेळाडूंच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनी सगळ्यांना सांगितले, टॉप्सच्या छायाचित्रकारापुढे उभेच राहू नका. खेळाडू खरोखरच उभे राहिले नाहीत. कंपनीने रक्कम दुप्पट केली आणि विक्रीत वाटा दिला. वॅग्नरने एकट्याने जे केले ते साठ वर्षांनी सर्वांनी मिळून केले.

खेळाडूंनी सूड उगवण्याच्या इतरही तऱ्हा काढल्या होत्या. लू बर्डेट हा उजव्या हाताने चेंडू टाकणारा. १९५९ च्या चित्रासाठी तो डाव्या हातात चेंडू धरून साळसूदपणे उभा राहिला आणि कंपनीने ते तसेच छापले. दहा वर्षांनी ऑरेलिओ रॉड्रिगेझ या खेळाडूच्या नावाखाली संघाच्या बॅटी उचलणाऱ्या पोऱ्याचेच चित्र लाखो घरांत पोचले!

आता टॉप्सच्याच १९५२ सालच्या मालिकेकडे वळू. साय बर्गर या कंपनीच्या माणसाने ती आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली. रंगीत चित्र, खाली खेळाडूची सही, मागे त्याची माहिती आणि धावांचे आकडे. एकूण ४०७ चित्रे, टप्प्याटप्प्याने बाजारात आणलेली. शेवटचा टप्पा ३११ क्रमांकापासून सुरू होई. तो दुकानात पोचेपर्यंत शाळा सुरू झाल्या, फुटबॉलचे दिवस आले आणि बेसबॉलच्या चित्रांना कोणी विचारीना. पेट्याच्या पेट्या गोदामात पडून राहिल्या. जत्रांतून मातीमोलाने विकायचा प्रयत्न झाला, तोही फसला. अखेर १९६० साली बर्गरने त्या पेट्या कचऱ्याच्या गाड्यांत भरल्या, गाड्या तराफ्यावर चढवल्या आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन सारा माल अटलांटिक महासागरात बुडवला. ही हकीकत पुढे त्याने स्वतःच सांगितली.

त्या ३११ क्रमांकावर कोण होता? मिकी मँटल. ओक्लाहोमातल्या शिशाच्या आणि जस्ताच्या खाणीत राबणाऱ्या मट मँटलचा मुलगा. बापाने मुलाचे नावच एका आवडत्या बेसबॉलपटूवरून ठेवले आणि खाणीतून घरी आल्यावर त्याला रोज खेळाचे धडे दिले. मुलगा न्यूयॉर्कच्या यांकी संघात गेला, आणि ज्या वर्षी हे चित्र निघाले त्याच १९५२ च्या मे महिन्यात बाप वयाच्या चाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. त्या मालिकेतली ३११ ची एक अस्पर्श प्रत २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरना विकली गेली. रुपयांत शंभर कोटी. विकणारे गृहस्थ न्यू जर्सीचे, आणि त्यांचा धंदा कचरा वाहून नेण्याचा. त्यांनी ती १९९१ साली पन्नास हजार डॉलरना घेतली होती. असे योगायोग कथेत घातले तर संपादक कथा परत पाठवतील.

समुद्राने जे गिळले त्याहून कितीतरी अधिक आयांनी केराच्या टोपलीत घातले. पन्नाशीच्या दशकातली अमेरिकन मुले ही चित्रे जपत नसत, वापरत. भिंतीवर भिरकावून कोणाचे चित्र जास्त जवळ पडते यावर पैज लावीत. सायकलच्या चाकाला कपड्याच्या चिमट्याने अडकवून मोटारसायकलसारखा फटफट आवाज काढीत. मग पोरगा कॉलेजात किंवा सैन्यात गेला की, आई त्याची खोली आवरायला घेई आणि चपलांच्या खोक्यातला तो पसारा बाहेर जाई. 'माझ्या आईने टाकून दिली' हे वाक्य त्या पिढीतल्या पुरुषांच्या तोंडी अजूनही असते. दिवाळीच्या तोंडावर ज्यांच्या घरचा माळा आवरला गेला आहे त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. आमच्या वडिलांच्या पिढीचे काड्यापेट्यांचे छाप आणि आमची च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे याच वाटेने गेली. पण मातृवर्गाची बाजू घेऊन एक सांगितले पाहिजे. त्यांनी ती टाकली नसती तर उरलेल्यांना हा भावही आला नसता.

याचा पुरावा पुढच्या पिढीने दिलाच. जेम्स बेकेट या संख्याशास्त्रज्ञाने १९७९ साली चित्रांच्या भावांचे पुस्तक काढले आणि घरोघर लोक खोकी चाळू लागले. १९८० च्या दशकात बाप मुलाच्या शिक्षणाची तरतूद म्हणून चित्रांची बंद पाकिटे घेऊन ठेवू लागले. कंपन्यांनी अमाप चित्रे छापली, आणि यंदा एकाही आईने काही टाकले नाही. सर्वांनी सर्व जपले. परिणाम असा की, त्या काळातली बहुतेक चित्रे आज रद्दीच्या भावाने मिळतात.

पैसा आला की त्यामागून लबाडीही येते. वॅग्नरची सर्वांत सुबक म्हणून गाजलेली प्रत १९९१ साली आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्स्की याने एका भागीदाराबरोबर चार लाख एक्कावन्न हजार डॉलरना घेतली. पुढे ती एका स्पर्धेत बक्षीस म्हणून लागली. जिंकणाऱ्या बाई पोस्टात नोकरीला. बक्षिसावरचा कर भरणे झेपेना, म्हणून त्यांनी ती विकून टाकली. प्रत्येक विक्रीत आकडा फुगत गेला आणि २००७ साली अठ्ठावीस लाखांवर पोचला. तिच्या कडा इतक्या धारदार आणि कोपरे इतके टोकदार कसे, अशी कुजबुज आधीपासून होतीच. २०१३ साली विल्यम मॅस्ट्रो या मोठ्या लिलाववाल्याने आपला गुन्हा कबूल करताना सांगितले की, त्या प्रतीच्या कडा मीच कापल्या होत्या. झिजलेली कड कापली की पुठ्ठा नवा दिसतो. तो तुरुंगात गेला. अंगठ्याच्या खुणा, दुमडलेला कोपरा, खिशातला घाम, म्हणजे पोराच्या हाताची जी जी साक्ष असते ती बाजाराला दोष वाटते. पोराने कधी हात न लावलेल्या चित्राला सर्वांत जास्त भाव. पोरांसाठी छापलेल्या वस्तूची ही दैवगती पाहून मला जरा वाईट वाटते.

पण याहून खोल दुखणे वेगळे आहे. काही चेहरे छापलेच गेले नाहीत.

वॅग्नरच्याच पिट्सबर्गमध्ये जॉश गिब्सन वाढला. जन्म १९११, जॉर्जियातला. वडील पोलादाच्या कारखान्यात काम मिळवून कुटुंबाला उत्तरेत घेऊन आले. तो फलंदाजाच्या मागे बसणारा 'कॅचर', आणि टोला असा की, लोक त्याला काळा बेब रूथ म्हणत. गोऱ्यांच्या संघांत काळ्यांना मज्जाव होता, म्हणून गिब्सन काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांतून खेळला. ग्रेजचे सामने पिट्सबर्गच्या गोऱ्या संघाच्याच मैदानावर होत. मैदान भाड्याने मिळे, संघात जागा मिळत नसे. वॅग्नरच्या वेळी जॉन हेन्री लॉइड नावाचा असाच एक अव्वल शॉर्टस्टॉप होता. त्याला 'काळा वॅग्नर' म्हणत. हे वॅग्नरच्या कानावर गेले तेव्हा, त्याला माझे नाव द्यावे हा माझाच मान आहे, असे तो म्हणाला. अमेरिकेतल्या कोणत्याही सिगारेटवाल्याने वा गमवाल्याने गिब्सनचे चित्र त्याच्या हयातीत काढले नाही. वॅग्नरची संमती मागायला कंपनीने माणूस पाठवला होता. याच्याकडे कोणी काही मागायलाच आले नाही.

२० जानेवारी १९४७ रोजी गिब्सन वारला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. त्याचे एक चित्र निघाले ते मरणानंतर आणि परमुलखात म्हणावे असे, पोर्तो रिको बेटावर, कारण हिवाळ्यात तो तिथे जाऊन खेळत असे. २०२४ साली काळ्यांच्या लीगचे आकडे मुख्य आकड्यांत मिळवण्यात आले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सनचे नाव टाय कॉब याच्याही वर, सर्वांत पहिले लागले. रॉबिन्सनचे पुढे काय झाले म्हणाल तर, टॉप्सच्या १९५२ च्या मालिकेत त्याचा क्रमांक ३१२, मँटलच्या लगतचा. तेव्हा महासागराने तरी दोघांत भेद केला नाही.

आता 'टी-२०६' हे नाव ठेवणारे गृहस्थ. जेफरसन बर्डिक. जन्म १९००, न्यूयॉर्क राज्यातला. सिराक्यूज गावी विजेचे सामान बनवणाऱ्या कारखान्यात साधे कामगार. अविवाहित. तरुणपणीच संधिवाताने गाठले, बोटे आखडली, चालणे जड झाले. पगारातून उरेल त्या पैशांत त्यांनी कागदाचे तुकडे जमवले. सिगारेटची चित्रे, जाहिरातींची चित्रे, शुभेच्छापत्रे, जे जे लोक टाकून देतात ते सारे. त्यात तीस हजारांच्या वर बेसबॉलपटू होते. त्यांनी स्वतः मैदानावर जाऊन एकही सामना कधी पाहिला नाही, असे सांगतात.

या पसाऱ्याला व्यवस्था कशी ती नव्हतीच. बर्डिक यांनी ती लावली. एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची चित्रे ती 'एन', विसाव्या शतकातली ती 'टी', जुन्या मिठाईची 'ई', अलीकडच्या गमची 'आर', आणि पुढे मालिकेचा क्रमांक. पाणिनीने मान डोलवावी अशी काटकसर! त्यांची सूची पुस्तकरूपाने निघाली, आवृत्त्या झाल्या, आणि आजही कोट्यवधींचे लिलाव त्याच खुणांवर चालतात. सुरुवातीच्या सूचीत वॅग्नरचा भाव त्यांनी लावला होता पन्नास डॉलर. तोच सर्वांत महाग.

हा सारा संग्रह, तीन लाखांहून अधिक तुकडे, त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला फुकट देऊ केला. जिथे रेम्ब्रांटची चित्रे आहेत त्या वास्तूत सिगारेटच्या पाकिटांतले पुठ्ठे! चित्रमुद्रा विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर हे रसिक गृहस्थ. त्यांनी होकार दिला, पण अट घातली की, हे सगळे लावून तुम्हीच द्यायचे. बर्डिक आपली खोकी घेऊन आले. आधी सिराक्यूजहून येऊन-जाऊन, मग नोकरी सोडल्यावर न्यूयॉर्कमध्येच बिऱ्हाड करून, विभागातल्या एका टेबलाशी बसून पंधरा वर्षे ते चित्रे वह्यांत चिकटवीत राहिले. आजचा व्यापारी हे ऐकून कपाळावर हात मारील, कारण मागे चिकट लागला की पुठ्ठ्याचा भाव पडतो. बर्डिकना विकायचेच नव्हते. बोटे दिवसेंदिवस वाकत चालली होती आणि काम पुरे होईल की आधी शरीर थांबेल, याची त्यांना चिंता होती.

१० जानेवारी १९६३ रोजी संध्याकाळी पाच वाजता शेवटचे पान झाले. त्यांनी मोठ्या कष्टाने हात वाकवून ओव्हरकोट अंगात चढवला, आता मी परत येणार नाही, असे सांगितले आणि ते निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच्या पायांनी इस्पितळात दाखल झाले. मार्चमध्ये तिथेच वारले. मेट्रोपॉलिटनच्या त्या वह्या शेकड्यांनी आहेत, आणि त्या संग्रहात नारिंगी पार्श्वभूमीवरचा वॅग्नरही आहे.